फ्लॉपी कुणाची होती? : महाराष्ट्रातील संगणक-सुरक्षेच्या इतिहासातले एक वळण

१९९० नंतरची पाच-सहा वर्षे. नाशिकमध्ये संगणक असलेल्या कचेऱ्या तशा थोड्याच होत्या. सातपूर-अंबडचे काही कारखाने, चार्टर्ड अकाउंटंटांची ऑफिसे, एखाददुसरी पतसंस्था आणि नुकतेच सुरू झालेले संगणक वर्ग. संगणकाला वातानुकूलित खोली, खोलीबाहेर चपलांची रांग. यंत्र बिघडले की दुरुस्तीवाला येई. तोही चपला काढून आत जाई, यंत्र चालू करी, पडद्यावर काहीच उमटत नाही असे दिसले की मागे वळे आणि पहिला प्रश्न विचारी, "फ्लॉपी कुणाची होती?"

मी तेव्हा अशा एका दुरुस्तीवाल्याच्या मागे हत्यारांची पेटी धरून हिंडत असे. त्यामुळे या प्रश्नानंतरची शांतता मला चांगली आठवते. आर्टिकलशिप करणारा मुलगा खिडकीबाहेर बघू लागे. स्टोअरकीपर म्हणे, साहेबांचे पुतणे आले होते, गेम घेऊन. साहेब म्हणत, पुतण्याची फ्लॉपी पुण्याहून आणलेली आहे, तिच्यात काही नसणार. शेवटी सगळे मिळून दोष फ्लॉपीवरच टाकत आणि चहा मागवत. यंत्राला 'व्हायरस लागला' होता. दृष्ट लागते, कीड लागते, तसा तो लागे. 'लागणे' या क्रियापदाला गुन्हेगार लागत नाही, ही मराठीची मोठी सोय.

संगणक-सुरक्षेचा इतिहास बहुधा विषाणूंची नावे आणि हल्ल्यांच्या तारखा यांच्या आधारे सांगितला जातो. मला तो निराळ्या अंगाने पाहावासा वाटतो. दर वेळी नुकसान झाल्यावर प्रश्न कुणाला विचारला गेला, आणि अखेर ते नुकसान सोसले कुणी? गेल्या पस्तीस वर्षांत या प्रश्नाचे उत्तर फार हळूहळू, कुणाच्या नजरेत न भरता, बदलत गेले आहे.

*

त्या काळच्या फ्लॉपीचा रोग समजायला सोपा होता. संगणक सुरू होताना तबकडीचा पहिला कप्पा आधी वाचतो. पुढे काय करायचे याच्या सूचना तिथे असतात. विषाणू नेमका त्या कप्प्यात जाऊन बसे आणि मूळ सूचना दुसरीकडे सरकवून ठेवी. रात्री यंत्र बंद करताना फ्लॉपी आत विसरली आणि सकाळी तशीच कळ दाबली की काम झाले. मग त्या यंत्रात घातलेली प्रत्येक फ्लॉपी रोग घेऊन बाहेर पडे. उपायही तितकाच साधा होता. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली की त्या फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे. माझ्याकडे अजून अशा फ्लॉपींचा एक डबा आहे. बहुतेकींवरची चिकटपट्टी अर्धवट सोललेली आहे. माणसाला घाई होती, एवढेच त्यावरून कळते.

या रोगांपैकी जगभर पसरलेला पहिला 'ब्रेन' १९८६ साली लाहोरमध्ये जन्मला. बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ तिथे संगणकाचे दुकान चालवत. आपले सॉफ्टवेअर लोक फुकट उतरवून घेतात म्हणून त्यांनी तो लिहिला, असे त्यांनी पुढे सांगितले. गंमत अशी की त्या विषाणूच्या पोटात त्यांनी स्वतःची नावे, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवले होते. आजच्या वाचकाला हे खरे वाटणार नाही, पण तेव्हा विषाणू लिहिणारा स्वतःचा पत्ता देत असे.

१९९० साली भारतात 'जोशी' सापडला. दर ५ जानेवारीला तो यंत्र अडवून धरी आणि जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करा असे इंग्रजीत सांगी. शुभेच्छा टाइप केल्या की वाट मोकळी. हा जोशी आपल्याकडचा, गुजरातेतला की कुमाऊँचा, यावर आमच्या दुरुस्तीवाल्याची ठाम मते होती. ती इथे देत नाही. पण एक लक्षात घेण्यासारखे आहे : या रोगाला पैसा नको होता, मान हवा होता. १९९२ च्या मार्चमध्ये गाजलेला 'मायकेलअँजेलो' मात्र दुष्ट होता. त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, ६ मार्चला, तो तबकडीवरची माहिती पुसून टाकी. त्या दिवशी यंत्र सुरूच करू नका असा सल्ला जगभरच्या वर्तमानपत्रांतून दिला गेला. प्रत्यक्षात भाकितांच्या मानाने नुकसान फारच थोडे झाले.

एखाद्या ऑफिसात वर्षभराच्या खतावण्या पुसल्या जात तेव्हा हानी खरीच असे. पण ती पुन्हा भरून निघण्याजोगी होती. कागदावरची वही शाबूत असे. दोन कारकून महिनाभर जागून पुन्हा आकडे भरत. या जागरणाचा खर्च मालक सोसे, कुरकुरत का होईना. नोकराच्या पगारातून तो कापून घेतल्याचे मी पाहिले नाही.

*

याच दुरुस्तीच्या व्यवसायातून महाराष्ट्रात संगणक-सुरक्षेचा धंदा उभा राहिला. बाहेरच्या वाचकाला हे नवलाचे वाटेल. अमेरिकेत हा धंदा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी काढला. आपल्याकडे तो कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्याने काढला. कैलास काटकर हे सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या कुटुंबातले. दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागले. १९९१ च्या सुमारास त्यांनी मंगळवार पेठेत स्वतःचे दुकान थाटले. बँकांमधून संगणक येऊ लागलेले त्यांनी पाहिले आणि तेही दुरुस्त करायला ते आपले आपणच शिकले. धाकटे बंधू संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात येणाऱ्या यंत्रांपैकी बरीचशी 'लागलेली' असत. एकेका विषाणूवर संजय एकेक उतारा लिहीत. असे उतारे साठत गेले आणि १९९५ साली ते एकत्र करून 'क्विक हील' या नावाने बाजारात आले.

नावच पाहा. किल्ला, ढाल, पहारेकरी यांपैकी काही नाही. 'लवकर बरे करणारे'. हे दुरुस्तीवाल्याने ठेवलेले नाव आहे. विकण्याची पद्धतही दुरुस्तीवाल्याचीच. मोठ्या जाहिरातींऐवजी गल्लीबोळांतल्या संगणक जोडून देणाऱ्यांना हाताशी धरायचे, त्यांना शिकवायचे, त्यांच्याच हातून गिऱ्हाइकाच्या यंत्रात ते चढवायचे. पुण्याबाहेरची पहिली शाखा निघाली ती मुंबईला नव्हे, या शतकाच्या सुरुवातीला नाशिकला. २००७ साली कंपनीचे नाव 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झाले, २०१६ च्या फेब्रुवारीत तिचे शेअर बाजारात आले. ही यशोगाथा पुष्कळांनी लिहिली आहे, म्हणून मी इथेच थांबतो. मला त्यातला दुकानदार महत्त्वाचा वाटतो. महात्मा गांधी रोडवरचा तो माणूस यंत्र जोडून देई, त्यात चोरीची विंडोज भरी (हे तेव्हा सगळेच करत, आणि विषाणू बऱ्याचदा त्या चोरीच्या सीडीतूनच येत), वर उतारा विकत देई, आणि पुन्हा काही लागले तर शिव्या खायलाही तोच हजर असे. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत चालत होते, तेव्हा नव्या रोगांचे नवे उतारे पेन ड्राइव्हवर घेऊन तोच घरोघर जाई. सुरक्षेला एक चेहरा होता आणि त्या चेहऱ्याला दुकान होते.

थोडे विषयांतर करतो, पण दिवाळी अंकाच्या वाचकाला ते रुचेल. ज्या डीटीपी केंद्रांत हे अंक जुळवले जात, तिथे आश्विन महिना हा विषाणूंचा हंगाम असे. फोटो स्टुडिओतून आलेला पेन ड्राइव्ह, लेखकाच्या घरून आलेला पेन ड्राइव्ह, जाहिरातदाराचा पेन ड्राइव्ह, सगळे एकाच यंत्रात. फोल्डरांच्या जागी नुसते 'शॉर्टकट' दिसू लागले की ऑपरेटर डोक्याला हात लावी. याच ऑपरेटरच्या यंत्राच्या पाठीमागे 'श्रीलिपी'चे कुलूप खोचलेले असे, बोटाच्या पेराएवढे. ते काढले की मराठी अक्षरे चालत नसत. म्हणजे त्या खोलीतले सर्वांत भक्कम सुरक्षा-साधन फाँट विकणाऱ्याच्या हिताची राखण करत होते. ऑपरेटरच्या चार फॉर्मांची राखण करायला मात्र फक्त तो दुकानदार होता. कुणाची राखण होते आहे, हे विचारायची सवय मला त्या कुलपाने लावली.

*

पुढे यंत्रात पैसा आला आणि चित्र पालटले.

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्यात संगणकात विनापरवाना शिरणे, विषाणू सोडणे, माहितीची नासधूस हे गुन्हे होते. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अजून यंत्रच होते. २००५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात उघडकीला आलेल्या प्रकरणाने पुढचे वळण दाखवले. एम्फसिस कंपनीच्या पुण्यातल्या कॉल सेंटरमधून सिटी बँकेच्या अमेरिकन खातेदारांची कामे पाहिली जात. तिथल्या काही आजी-माजी नोकरांनी खातेदारांशी बोलता बोलता त्यांचे गुप्त क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांत वळवले. कुठलाही विषाणू नव्हता, कुठलेही यंत्र फोडले नव्हते. नाशिककरांना यात अनोळखी काही नव्हते. नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयाच्या भोवती तेलगीने जे केले त्यातही भिंतीला भोक कुणी पाडले नव्हते. भंगारात निघालेली यंत्रे रीतसर बाहेर आली होती. तरीही २००५ साली पुण्यातल्या त्या प्रकरणात अमेरिकन खातेदारांना कुणी निष्काळजी म्हटल्याचे मला वाचायला मिळाले नाही. चर्चा झाली ती कॉल सेंटरची आणि बँकेची.

मग २००८ साली कायद्यात दुरुस्ती झाली. ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे आणि संगणकाच्या मदतीने तोतयेगिरी करून फसवणे हे स्वतंत्र गुन्हे ठरले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना दुसरी खूण सक्तीची केली. या दुसऱ्या खुणेचे रूप पुढे ओटीपी म्हणून स्थिरावले. सहा आकडे फोनवर येतात, ते भरले की पैसे जातात. उपाय चांगला होता. त्याने कार्डांच्या चोऱ्यांना आळा बसला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण याबरोबर एक जोखीमही हातोहात बदलली, आणि तिची चर्चा झाली नाही.

धनादेशाच्या काळात बँकेत खातेदाराच्या नमुना सहीचे कार्ड असे. समोर आलेली सही त्या सहीशी जुळते का हे पाहण्याची जबाबदारी कॅशियरची. सही खोटी निघाली तर? १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने 'कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन' या खटल्यात त्याचे उत्तर निःसंदिग्ध दिले. कंपनीच्याच हिशेबनिसाने, ज्याच्या ताब्यात चेकबुक होते त्याने, ४२ धनादेशांवर खोट्या सह्या करून सव्वातीन लाखांवर रक्कम काढली होती. बँकेचे म्हणणे असे की, कंपनीने इतकी वर्षे आपले पासबुक नीट तपासले नाही, म्हणून दोष तिचा. न्यायालयाने ते मानले नाही. खोटी सही असलेला धनादेश हा खातेदाराचा हुकूमच नव्हे. तेव्हा त्याच्या खात्यातून पैसे वजा करण्याचा बँकेला अधिकार नाही. खातेदार गाफील होता एवढ्याने बँक सुटत नाही.

ओटीपीने हा पाया सरकवला. सही तपासायला माणूस लागे, आणि माणूस चुकला तर त्याची चूक बँकेची ठरे. सहा आकडे तपासायला माणूस लागत नाही; आकडे जुळले की यंत्राच्या लेखी हुकूम खराच. ते आकडे कुणी, कुणाला, कोणत्या भीतीपोटी सांगितले याची खबर यंत्राला नसते. खोट्या सहीचा प्रश्न सुटला तो असा की आता खोटी सही नावाची गोष्टच उरली नाही. उरला तो फक्त खरा आकडा सांगून बसलेला खातेदार.

*

हे सरळ घडले नाही. मधल्या काळात मुंबईत, मंत्रालयात, एक निराळी वाट दिसली होती, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ती जवळजवळ विसरली गेली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४६ व्या कलमाने प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवाला न्यायनिर्णय अधिकारी केले होते. नुकसानभरपाईसाठी सामान्य माणसाने त्याच्याकडे अर्ज करायचा. पुष्कळ राज्यांत हे अधिकार कागदावरच राहिले. महाराष्ट्रात राजेश अग्रवाल या पदावर असताना त्यांनी ते वापरले. २०१३ च्या फेब्रुवारीतला त्यांचा एक निकाल वाचण्यासारखा आहे. पुण्यातल्या 'पूना ऑटो अॅन्सिलरीज' या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८०.१० लाख रुपये परस्पर गेले होते. कंपनीच्या संचालकाने बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या मेलला उत्तर दिले होते. म्हणजे आजच्या भाषेत चूक त्याची, विषय संपला.

निकाल तसा लागला नाही. अर्जदाराने खोट्या मेलला उत्तर दिले, तेव्हा जबाबदारीतला वाटा त्यालाही उचलावा लागेल, असे निकालात म्हटले आहे. पण पैसे ज्या खात्यांत गेले ती खाती कुणाची होती, ती उघडताना ओळख नीट तपासली होती का, असे व्यवहार होताना बँकेने काय केले, हेही विचारले गेले. बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा हुकूम झाला. दोन्ही बाजूंना प्रश्न विचारून नुकसानीची वाटणी करणारा हा निकाल माझ्या मते त्या दशकातला सर्वांत समंजस कागद आहे. खोट्या मेलला भुलणारा माणूस एक वेळ चुकतो; चोराला खाते उघडून देणारी व्यवस्था रोज चुकत असते, हा फरक त्यात ओळखला होता.

पण अपिले जायची ती दिल्लीच्या सायबर अपील न्यायाधिकरणाकडे. तिथले अध्यक्ष २०११ च्या जूनमध्ये निवृत्त झाले आणि त्यानंतर ती खुर्ची भरलीच गेली नाही. २०१७ साली ते न्यायाधिकरण दूरसंचारच्या न्यायाधिकरणात विलीन करून टाकले. जवळजवळ सहा वर्षे अपील करता येई, ऐकले जात नसे. जिंकलेल्या माणसाला याहून सफाईने हरवता आले नसते. पुढे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात जुन्या कायद्यातले कलम ४३ अ वगळण्याची तरतूद आली. माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीकडून पीडिताला भरपाई मागता येई ती याच कलमाखाली. नव्या कायद्यात दंड मोठा आहे, अडीचशे कोटींपर्यंत. तो सरकारच्या तिजोरीत जमा होतो.

*

२०१८ चा कॉसमॉस बँकेवरचा हल्ला आता सर्वांना माहीत आहे. तपशील थोडक्यात देतो. १९०६ साली स्थापन झालेली ही पुण्याची सहकारी बँक. कार्ड यंत्रात घातले की एटीएम बँकेला विचारते, इतके पैसे देऊ का? हा निरोप नेणारी एक मधली व्यवस्था असते, तिला स्विच म्हणतात. चोरांनी बँकेच्या संगणकांत शिरून शेजारी एक खोटा स्विच उभा केला. तो प्रत्येक निरोपाला 'द्या' म्हणत होता; खऱ्या खात्यांपर्यंत प्रश्न पोचतच नव्हता. शनिवार, ११ ऑगस्टच्या दुपारपासून काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी ७८ कोटी रुपये निघाले. भारतातही अडीच कोटी, त्यातले काही कोल्हापुरात. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टच्या मार्गाने आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ च्या अहवालात याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. ते पैसे काढणारे हात होते, डोके बाहेरच राहिले.

बँकेने पहिल्याच दिवसांत जाहीर केले, आणि ते खरेही होते, की कुठल्याही ठेवीदाराच्या खात्यातून एक रुपया गेलेला नाही. नुकसान बँकेचे आहे. जुन्या धनादेशाचा न्याय इथे पाळला गेला. पण वर्तमानपत्रांची आणि पोलिसांची भाषा पाहा. इथे शब्द आहे 'हल्ला'. बँकेचे ९४ कोटी जातात तो हल्ला असतो आणि तिच्याकडे सहानुभूतीने पाहिले जाते. निवृत्त माणसाचे चार लाख जातात तेव्हा तो 'बळी पडतो', 'आमिषाला भुलतो', 'सावध नसतो'. बँकेचा संगणक अनोळखी माणसाला आत घेतो ती तांत्रिक त्रुटी. खातेदार अनोळखी माणसाचा फोन घेतो तो निष्काळजीपणा.

हा शब्द मी फुगवून सांगत नाही. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आहे. ते पुष्कळ अंगांनी ग्राहकाच्या बाजूचे आहे. दोष बँकेचा असेल तर ग्राहकावर काही नाही; तिऱ्हाइताकडून झाले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तरी काही नाही; ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवर. मात्र ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर तो त्याचा निष्काळजीपणा, आणि बँकेला कळवीपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. हे एक वाक्य बाकीच्या पानाला पुरून उरते, कारण आजची चोरी बहुतेक त्याच वाक्यातून आत येते. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने पोलिसाचा वेश घातलेला माणूस व्हिडिओवर तासन्‌तास धमकावतो आणि मग पैसे पाठवायला लावतो. तिथेही आकडे ग्राहकानेच भरलेले असतात.

नाशिकला या न्यायाची जुनी ओळख आहे. १९२८ पासून इथे नोटा छापल्या जातात. जलचिन्ह, तार, उठावाची छपाई हे सारे खोट्या नोटेवरचे उपाय. तरी खोटी नोट बाजारात आलीच आणि आपण ती बँकेत भरायला गेलो, तर बँक तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करते आणि पावती देते. पैसे देत नाही. शेवटी ज्याच्या हातात सापडली त्याचे नुकसान. पण नोट निदान उजेडात धरून पाहता येते. फोनवरचा आवाज धरावा कुठल्या उजेडात?

*

माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, पंचवटीत राहतात. गेल्या वर्षी त्यांना फोन आला. बोलणारा शुद्ध मराठीत, "मॅडम" म्हणत बोलला. हयातीचा दाखला ऑनलाइन जुळत नाही, पेन्शन थांबेल, असे सांगितले. बाईंच्या खात्यातून दोन हप्त्यांत तीन लाख ऐंशी हजार गेले. फोन ठेवल्यावर दहाच मिनिटांत त्यांना शंका आली. १९३० या क्रमांकावर तक्रार करायची असते हे त्यांना माहीत होते. त्यांनी ती लगेच केली, त्यामुळे साठ हजार वाटेत अडवले गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बँकेत गेलो. खिडकीवरच्या तरुणाने अदबीने बसवले, पाणी दिले आणि एक फॉर्म पुढे केला. त्यात एक प्रश्न होता : ओटीपी आपण स्वतः सांगितला होता काय? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही.

मला एकदम ती वातानुकूलित खोली आठवली. प्रश्न तोच होता. फक्त चहा मागवणारे कुणी नव्हते, आणि विचारणारा दुरुस्त करायला आलेला नव्हता.

बाईंनी आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवले. त्यांनी 'होय'वर खूण केली. मग चष्मा पुसला आणि फॉर्मच्या समासात, वळणदार अक्षरात, त्या लिहू लागल्या. फोन करणाऱ्याला माझे पूर्ण नाव माहीत होते. माझ्या खात्याचे शेवटचे चार आकडे, पेन्शन जमा होण्याची तारीख आणि मागच्या नोव्हेंबरात मी दाखला कोणत्या शाखेत दिला तेही माहीत होते. ओटीपी मी सांगितला. हे त्याला कुणी सांगितले?

तरुणाने फॉर्म उलटसुलट पाहिला. म्हणाला, "मॅडम, समासातले स्कॅन होत नाही. सिस्टिममध्ये त्याला रकाना नाही."

"मग मागच्या बाजूला लिहू?" बाईंनी विचारले.